सहा कॉम्प्युटर, एक कोटेशन आणि 'चालतंय की अजून'

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट आहे, सहा कॉम्प्युटर आहेत. दोन २०१४ चे, तीन २०१९ चे आणि तुमच्या केबिनमधला लॅपटॉप २०२१ चा. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून दुकानदाराने सहाच्या सहा बदलायचं कोटेशन दिलंय. सीएसाहेब म्हणतात, तीन वर्षांत वहीतून त्याची किंमत जवळजवळ निघून जाते, बदलून टाका. वडील म्हणतात, "चालतंय की अजून, कशाला हात लावायचा?" आणि तुम्हाला हवाय एक नियम: किती वर्षांनी बदलायचं?

वर्षांचा नियम मी आजवर कुणाला दिला नाही, तुम्हालाही देणार नाही. सोलापुरात पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय. बारा वर्षांचं मशीन बिनतक्रार चालताना पाहिलंय आणि दोन वर्षांचं लूमच्या शेडमध्ये जळालेलंही पाहिलंय. तुम्हाला सल्ला देणारे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. दुकानदार सॉफ्टवेअरचं बोलतोय, सीए वहीचं आणि वडील बटण दाबल्यावर दिवा लागतो त्याचं. पण सोमवारी सकाळी अकरा वाजता अमुक मशीन बंद पडलं तर किती माणसं हात बांधून बसतील, हे तिघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. मी तिथूनच सुरुवात करतो.

कुठल्याही युनिटला पहिल्यांदा गेलो की मी कॉन्फिगरेशन नंतर बघतो. आधी खुर्ची बघतो. इथे कोण बसतं, काय करतं, आणि हे बंद पडलं तर तुमचा मला फोन किती वेळात येईल? डिस्पॅचचं मशीन घ्या. गाडी दारात उभी, माल परराज्यात जाणार, पन्नास हजारांच्या वरचं कन्साइनमेंट, म्हणजे ई-वे बिलाशिवाय (माल वाहतुकीची ऑनलाइन पावती) गाडी हलणार नाही. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसही आलंच. तिथे फोन दहा मिनिटांत येतो. गोडाऊनमधलं मशीन पडलं तर पोरगा वहीत दोन दिवस स्टॉक लिहील, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. दोन्ही मशीन एकाच दिवशी, एकाच बिलावर घेतलेली असली तरी दोघांचं आयुष्य वेगळं धरायला हवं.

आता एक अंदाज सांगतो, चुकला तर सांगा. तुमच्या टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा त्या दोन २०१४ च्या मशीनपैकीच एकावर आहे आणि बाकीचे सगळे नेटवर्कवरून तिथे जोडतात. असं मी दहापैकी सात ठिकाणी बघतो. पहिलं मशीन आणलं तेव्हा टॅली त्याच्यावर टाकली, मग दुसरं आलं ते त्याला जोडलं, मग तिसरं. असं करत करत घरातलं सगळ्यात म्हातारं मशीन 'सर्व्हर' होऊन बसतं आणि नवीन मशीन मालकाच्या केबिनमध्ये व्हॉट्सॲप बघायला जातं. खरं तर उलटं हवं. तुमच्या सहांपैकी एकच मशीन बदलायचं म्हटलं तर मी हे बदलेन, ते आज कितीही गुणी वागत असलं तरी.

याबाबतीत मी एकदा चुकलोय. चाटी गल्लीतल्या एका कापडाच्या पेढीत फेब्रुवारीत गेलो होतो. डेटाच्या मशीनमधून मधूनच कट-कट असा आवाज येत होता, बारीक, पंख्याच्या आवाजात बुडून जाणारा. हार्ड डिस्क जायच्या बेतात असली की असा आवाज येतो. मला तो ऐकू आला, मी मालकांना सांगितलंही. ते म्हणाले, मार्चएंड होऊ द्या, एप्रिलमध्ये बदलू. मी मान डोलावली. बॅकअप आहे का विचारलं तर दिवाणजी म्हणाले, रोज घेतो. कुठे घेतात ते मी विचारलं नाही. १९ मार्चला डिस्क गेली, २० तारखेला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं होतं. बॅकअप खरंच रोज घेतलेला होता, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये. सी आणि डी ही बहुतेक वेळा एकाच डिस्कची दोन नावं असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जुना एक पेनड्राइव्ह सापडला त्यात पहिल्या तारखेपर्यंतचा डेटा होता. पुढचे अठरा दिवस कार्बन कॉपीवरून पुन्हा मारले, दोन मुलं आणि दिवाणजी, तीन रात्री. त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, घ्यायला तोंडच नव्हतं. तेव्हापासून 'बॅकअप आहे' असं कुणी म्हणालं की मी म्हणतो, दाखवा, आणि दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा.

म्हणून वडिलांच्या 'चालतंय की'ला माझं उत्तर: चालू द्या, पण ज्या मशीनवर डेटा आहे ते सोडून. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते डिस्कची तब्येत निळ्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवतं. पिवळं दिसलं की त्याच आठवड्यात डिस्क बदलायची, मार्चएंड असो की गड्ड्याची जत्रा. निळं दिसलं म्हणजे अमरपट्टा मिळाला असं मात्र नाही. विशेषतः एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) जाते तेव्हा बऱ्याचदा आधी आवाजही करत नाही, पिवळीही होत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण गरज नसताना बदललेली मशीनही मी खूप पाहिलीत. टेरी टॉवेलच्या एका कारखान्यातून फोन आला: कॉम्प्युटर तासाभरात आपोआप बंद होतो, नवीन घ्यायचं ठरवलंय, फक्त डेटा काढून द्या. मशीन शेडच्या कोपऱ्यात टेबलाखाली, जमिनीवर. डबा उघडला (सगळे ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा) तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताच्या धुळीची चांगली बोटभर जाड गादी. ती उचलली तर अख्खी निघाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या) पट्ट्यांचे ठसे उमटलेली, फेल्टच्या तुकड्यासारखी. पंखा फिरत होता, पण हवा जाणार कुठून? ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, डबा जमिनीवरून उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवला. पाऊण तासाचं काम. ते मशीन पुढे तीन वर्षं चाललं. तुमच्याकडे कटिंग आणि शिलाई आहे, म्हणजे सुताची धूळ आहेच, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. दोन वेळा सफाई करा: एकदा संक्रांतीला गड्ड्याच्या आधी, एकदा मार्चमध्ये ऊन चढायच्या आत.

तसंच वायरिंगचं. मशीन वारंवार जळतंय, एसएमपीएस (डब्यातला वीज देणारा भाग) दर उन्हाळ्यात जातोय, तर कॉम्प्युटर बदलण्याआधी अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमन बोलवा. त्याच सॉकेटला नवं मशीन लावलं तर तेही त्याच वाटेने जाईल, आणि वॉरंटीवाला जळलेला बोर्ड बघून हात वर करेल. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची सोबती असते. उष्णता दहा अंशांनी वाढली की तिचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्यात ठोकताळा आहे, त्यामुळे पत्र्याखाली ती दीड वर्षातच मान टाकते. लाईट गेल्यावर यूपीएस टिकत नाही म्हणजे यूपीएस बदलायचा असं नव्हे, बहुतेक वेळा आतली बॅटरी बदलली की भागतं. आणखी एक फसवी तक्रार म्हणजे रोज सकाळी तारीख मागे जाते, मग जीएसटीचं पोर्टल उघडत नाही. त्यात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्याच्यासाठी कॉम्प्युटर बदलायला निघालेले महाभागही मला भेटलेत.

मग 'स्लो' झालंय त्याचं काय? स्लो म्हणजे किती, ते घड्याळ लावून बघा. ऑपरेटरच्या मागे अर्धा दिवस खुर्ची टाकून बसा आणि तो नुसता स्क्रीनकडे बघत बसलाय ती मिनिटं मोजा. आठ तासांत चाळीस मिनिटं निघाली तर तो बारावा हिस्सा झाला, म्हणजे वर्षाला त्याचा एका महिन्याचा अख्खा पगार तुम्ही गोल फिरणाऱ्या चकतीला देताय. अर्थात त्या वेळात त्याच्याकडे दुसरं काम असेल तरच हा हिशेब खरा. गोडाऊनच्या पोराची चाळीस मिनिटं वाचली तर तो मोबाइल बघेल, तिथे पैसे घालू नका. बिलिंगला मात्र घाला.

आणि 'घाला' म्हणजे नेहमी नवं मशीन नव्हे. तुमच्या २०१९ च्या तिन्हींमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी टाका, रॅम चार जीबी असेल तर आठ करा. चालू व्हायला पाच-सहा मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं. ऑपरेटरला वाटतं नवंच आणलं. फक्त २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव बरेच चढलेत, तेव्हा मागच्या दिवाळीचा भाव डोक्यात धरून बसू नका.

दुरुस्ती की नवं, हे ठरवताना मी एक बघतो: घातलेला पैसा पुढच्या मशीनमध्ये उचलून नेता येईल का? एसएसडी नेता येते, मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड नेता येतो. २०१४ च्या मशीनची रॅम डीडीआर-थ्री, म्हणजे जुन्या जातीची, ती पुढच्या बोर्डात बसणारच नाही. त्याचा मदरबोर्ड गेला तर जुनाच शोधून आणावा लागतो, आणि तोही कधी जाईल याची खात्री नसते. म्हणून २०१४ च्या मशीनचा बोर्ड गेला की मी तिथेच थांबतो. २०१९ च्या मशीनचा एसएमपीएस गेला तर बिनधास्त बदलतो.

आता विंडोज. इथे तुमच्या दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला हे खरं. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेतली नवी भोकं बुजवणं थांबतं. 'आपल्याकडे काय आहे चोरायला' असं म्हणणाऱ्यांना मी मे २०१७ ची वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची साथ आठवून देतो. ज्या भोकातून ती शिरली त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी लावलं नव्हतं ते सापडले. आणि ती एका मशीनवर थांबली नाही, नेटवर्कवरून शेजारच्या मशीनवर गेली. गोडाऊनचं बिनमहत्त्वाचं मशीन टॅलीच्या मशीनशी वायरने जोडलेलं असतं, हे विसरायचं नाही.

पण सहाही बदलायला लागतात हे मला पटत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. पिढी नंबरात लिहिलेली असते: आय-फाइव्ह ८४०० म्हणजे आठवी, आय-थ्री ४१३० म्हणजे चौथी. तुमची २०१९ ची तिन्ही आठव्या किंवा नवव्या पिढीची असण्याची शक्यता दाट आहे. पण तेव्हा दुकानात जुना स्टॉकही विकला जायचा, म्हणून नंबर वाचूनच खात्री करा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवल्यावर 'चालणार नाही' आलं तरी लगेच घाबरू नका. असेंबल मशीनमध्ये बऱ्याचदा टीपीएम असतं पण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव 'पीटीटी' असं दिसतं. ते चालू केलं की तेच मशीन पास होतं. असं पाच मिनिटांचं काम न करता मशीन भंगारात काढलेलं मी पाहिलंय.

२०१४ ची दोन मात्र फार तर चौथ्या पिढीची असणार, ती अधिकृतपणे विंडोज ११ घेणार नाहीत. जुगाड करून टाकता येतं, मुलं टाकूनही देतात. घरच्या मशीनला मी काही बोलणार नाही, पण बिलिंगच्या मशीनवर नको. पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडून बसेल की नाही याची हमी कुणाकडेच नाही. धंद्यासाठी मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन जास्तीत जास्त तीन वर्षं ठिगळं देते: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर झाले. तेवढ्यात चांगलं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण तपासून-दुरुस्त करून विकलेलं, मशीन येतं.

रिफर्बिश्डला नाक मुरडू नका. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी मशीन काढतात, ती एसीत राहिलेली असतात. आपल्या शेडमधल्या दोन वर्षांच्या मशीनपेक्षा त्यांची तब्येत बरी असते. फक्त आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका, एसएसडी नवी टाकून मागा, पक्कं बिल आणि किमान सहा महिन्यांची वॉरंटी घ्या, आणि विंडोजचं लायसन्स खरं आहे ना ते विचारा. टॅलीच्या डेटाच्या खुर्चीला मात्र मी नवंच देतो, कंपनीच्या ऑनसाइट वॉरंटीसकट.

एक अपवाद. कटिंग मास्तरांकडे मार्कर (कापडावर तुकडे कसे बसवायचे त्याचा नकाशा) काढायचं जुनं सॉफ्टवेअर आणि तो छापणारा प्लॉटर असेल आणि ते विंडोज ७ वरच चालत असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. नव्या विंडोजवर प्लॉटरचा ड्रायव्हर मिळेलच असं नाही, आणि सॉफ्टवेअर नवं घ्यायचं तर कॉम्प्युटरच्या कितीतरी पट खर्च. त्याची इंटरनेटची आणि नेटवर्कची वायर काढून टाका, डिस्कची हुबेहूब दुसरी प्रत करून कपाटात ठेवा, आणि पेनड्राइव्ह लावण्याआधी तो दुसऱ्या मशीनवर स्कॅन करायची सवय मास्तरांना लावा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचंही तेच. चार कार्बन कॉपी लागतात तोवर त्याला पर्याय नाही, रिबन बदलत राहा. नव्या कॉम्प्युटरला जुन्या प्रिंटरचं पॅरलल पोर्ट (त्याची रुंद केबल लावायची जागा) सहसा मिळत नाही, एवढं खरेदीच्या आधी बघा.

सीएसाहेबांच्या मुद्द्यावर जास्त बोलत नाही, ते त्यांचं क्षेत्र. घसारा ४० टक्के घटत्या किमतीवर, म्हणजे ४०,००० चं मशीन तीन वर्षांनी वहीत ८,६४० राहतं. पण ती वहीतली किंमत झाली, मशीनला ती माहीत नसते. टॅक्स वाचतो म्हणून घेऊ नका: तीस टक्के टॅक्स धरला तरी पहिल्या वर्षी ४०,००० वर ४,८०० च वाचतात. घ्यायचंच असेल तर सप्टेंबर संपायच्या आत घेऊन वापरात आणा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच मिळतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी योजना) नसाल तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिटही मिळेल.

सप्टेंबरच्या आत घेणं तुम्हाला दुसऱ्या कारणानेही सोयीचं आहे. तुमचा सीझन शाळा सुरू होईपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत. एप्रिल ते जून या काळात काहीही बदलायचं नाही, अगदी फुकट मिळालं तरी. नव्या मशीनवर टॅलीचं लायसन्स हलवायचं, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर टाकायचा, लेबल प्रिंटरची साइज बसवायची, या बारीकसारीक गोष्टींत दोन-तीन दिवस जातातच. जुलै-ऑगस्ट हे तुमचे महिने. आणि जुनं मशीन निदान पंधरा दिवस शेजारी चालू ठेवा.

तर तुमच्या सहांचं मी असं करेन. या आठवड्यात बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आणि एक प्रत घरी, मग सहाही मशीनच्या डिस्कची तब्येत. येत्या जुलैत डेटाच्या मशीनच्या जागी एक नवं. २०१९ च्या तिघांना सफाई, लागेल तिथे एसएसडी, आणि विंडोज ११. दुसरं २०१४ चं मशीन प्लॉटरचं असेल तर नेट काढून तसंच. गोडाऊनचं असेल तर त्याच्या जागी २०१९ चं एक सरकवा आणि त्या रिकाम्या खुर्चीला रिफर्बिश्ड आणा, थोरल्याचा शर्ट धाकट्याला तसं. लॅपटॉपवर अजून विंडोज १० असेल तर तेवढी ११ करा, बाकी त्याला आता काहीच नको. पुढे दर दोन वर्षांनी एक-दोन मशीन, म्हणजे सहा मशीनचं एकदम कोटेशन घेऊन कुणी दारात उभं राहणार नाही. तुमचा नेमका सेटअप यापेक्षा वेगळा असेल तर क्रम बदलेल. डेटा कुठल्या मशीनवर आहे आणि कटिंगला काय चालतं, एवढं सांगितलंत तर नीट सांगू शकेन.

आणि निघालेली मशीन भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क काढून घ्या. नुसता फॉर्मॅट मारून भागत नाही, त्यातून पार्टींची उधारी आणि बँकेची स्टेटमेंटं परत काढता येतात. फिरती डिस्क असेल तर मी ड्रिलने आरपार तीन भोकं पाडतो, एसएसडी असेल तर आतल्या चिपांवर हातोडा. बाकीचा डबा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाला द्या, मॉनिटर आणि यूपीएस मात्र ठेवून घ्या, नव्याला लागतील.